अठ्ठ्याहत्तर बाय सत्तावीस

टेनिसच्या एकेरीचं कोर्ट ७८ फूट लांब आणि २७ फूट रुंद असतं. गुणाकार केला की २,१०६ चौरस फूट होतात. गोंदियाकडे जमीन एकर आणि डिसमिलमध्ये मोजतात. एक डिसमिल म्हणजे एकराचा शंभरावा भाग, ४३५.६ चौरस फूट. त्या हिशेबानं विम्बल्डनचं जगप्रसिद्ध सेंटर कोर्ट, रेषांच्या आतलं, पाच डिसमिलसुद्धा भरत नाही. आमच्याकडच्या बऱ्याच धानाच्या बांध्या याहून मोठ्या असतात.

आता हा हिशेब जरा पुढे नेऊ. गोंदिया जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे ५,२३४ चौरस किलोमीटर. त्यात एकेरीची कोर्टं एकाला एक चिकटून आखली, तर ती २ कोटी ६७ लाखांच्या घरात जातात. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या होती १३,२२,५०७. म्हणजे तान्ह्या बाळापासून काठी टेकणाऱ्या आजीपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला वीस कोर्टं. यात नवेगावबांधचा तलाव आणि नागझिऱ्याचं जंगलही धरलेलं आहे, तेव्हा हिशेब कागदावरच राहू द्या. पण एक गोष्ट त्यातून कळते. टेनिसला जागा फारच थोडी लागते. हा खेळ आपल्याकडे इतका दुर्मीळ राहिला त्याला जमिनीची टंचाई हे कारण होऊच शकत नाही. मग टंचाई कशाची होती?

ते समजायला १९३४ सालात जावं लागतं आणि एका मराठी घरात डोकवावं लागतं.

त्या वर्षी विम्बल्डनच्या महिला एकेरीत मुंबईची लीला राव ही २२ वर्षांची मुलगी खेळली. पहिल्या फेरीत समोर ग्लॅडिस साउथवेल. निकाल असा लागला: ४–६, १०–८, ६–२. भारतीय स्त्रीनं विम्बल्डनमध्ये जिंकलेला हा पहिला सामना. पहिला सेट हातचा गेलेला, दुसरा सेट सहा-सहा, मग सात-सात, मग आठ-आठ. तेव्हा टायब्रेक नव्हता. तो विम्बल्डनमध्ये आला १९७१ साली. त्याआधी दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालूच राहायचा, मग कितीही वेळ लागो. लीला रावनं तो दुसरा सेट अठरा गेम खेळून घेतला. आजच्या नियमानं जास्तीत जास्त तेरा गेममध्ये तो निकालात निघाला असता.

एकूण गेम झाले ३६. एका गेमला किमान चार गुण लागतात, म्हणजे कमीत कमी १४४ गुण. प्रत्यक्षात गेम इतके सरळ सुटत नाहीत. सहा गुणांची सरासरी धरली तर आकडा दोनशेच्या पुढे जातो. हातात लाकडी रॅकेट, जवळपास चारशे ग्रॅम वजनाची. आजच्या रॅकेटी तीनशेच्या आसपास असतात आणि त्यांचं जाळीचं तोंडही त्या काळच्या रॅकेटीच्या जवळजवळ दीडपट असतं. जुन्या रॅकेटीनं चेंडू नेमका मध्यावर बसला तर ठीक, बोटभर इकडेतिकडे झाला की मनगटाला झिणझिण्या.

आमच्याकडच्या बायकांना वाकण्याचं कौतुक सांगायला नको, पण ज्यांना टेनिस परकं वाटतं त्यांच्यासाठी एक तुलना करून ठेवतो. धानाच्या रोवणीत शिफारस केलेलं अंतर २० बाय १५ सेंटिमीटर धरलं, तर टेनिसच्या एका कोर्टाएवढ्या चिखलात साडेसहा हजार चुडं लागतात. एकराला होतात १ लाख ३५ हजार. दहा बायांनी दिवसभरात एक एकर उरकला, तर प्रत्येकीच्या वाट्याला साडेतेरा हजार. एका हातात पऱ्ह्यांची पेंढी, दुसऱ्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं चिखलात, पाय मागे मागे सरकणारे, आणि मान दिवसभर खालीच. हे दिवसाचं काम झालं, हंगामाचं वेगळं. ताकद, चिवटपणा, पाठीचा कणा या बाबतीत धानपट्ट्यातल्या बाईला विम्बल्डनकडून शिकण्यासारखं काही नाही. तेव्हा टंचाई जमिनीची नव्हती, तशी अंगातल्या बळाचीही नव्हती.

किती बायांतून ही एक लीला निघाली? आता त्या अपूर्णांकाचा खालचा आकडा बघू. १९३१ च्या जनगणनेत अखंड हिंदुस्थानची लोकसंख्या, ब्रह्मदेश धरून, ३५ कोटींच्या वर होती. त्यात स्त्रिया साधारण १७ कोटी. लिहिता-वाचता येणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण तीन टक्क्यांच्याही आत होतं. शंभरातल्या सत्त्याण्णव बायांना स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं, त्या देशातून एक मुलगी लंडनच्या हिरवळीवर जाऊन आठ-आठ असा अडकलेला सेट सोडवत होती. सतरा कोटींत एक, हे प्रमाण सांगायला सोपं आहे, डोळ्यांपुढे आणायला महाकठीण. साध्या भाषेत सांगायचं तर आजच्या अडीचशेहून जास्त गोंदिया जिल्ह्यांतल्या सगळ्या बाया एकत्र घ्या आणि त्यांतून एक नाव काढा. (हा आकडा मी दोनदा करून पाहिला. सतरा कोटींना जिल्ह्यातल्या साडेसहा लाख बायांनी भागलं की खरंच २५० च्या वर जातो.)

अंतराचंही तसंच. मुंबईहून लंडनला जायचं तर सुवेझच्या कालव्यातून बोटीनं सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर. गोंदियाहून मुंबई रेल्वेनं ९६७ किलोमीटर आहे. म्हणजे विदर्भ एक्सप्रेसच्या बारा फेऱ्या एका दमात. रेल्वेचं नाव निघालंच आहे तर आणखी एक मजेशीर आकडा सांगतो. मुंबई ते हावडा हा नागपूरमार्गे जाणारा रस्ता १,९६८ किलोमीटरचा. त्यात गोंदिया मुंबईपासून ९६७ वर, म्हणजे हावड्यापासून १,००१ वर. मधोमध म्हणायला १७ किलोमीटरचीच काय ती खोट. त्या काळातल्या हिंदी टेनिसचं एक ठाणं मुंबईच्या जिमखान्यांत होतं, दुसरं कलकत्त्याच्या साउथ क्लबात. तो क्लब १९२० चा. दोन्हींच्या जवळजवळ मध्यावर असलेल्या आमच्या स्टेशनावरून मेल गाड्या वर्षानुवर्षं धडधडत गेल्या, टेनिस मात्र इथे कधी उतरलं नाही. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि मध्य प्रांतात होतं. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला.

मग उतरलं कुठे? एका विद्वानाच्या घरात.

लीला रावची आई पंडिता क्षमा राव. क्षमाबाईंचे वडील शंकर पांडुरंग पंडित. सायणभाष्यासह अथर्ववेदाची आवृत्ती सिद्ध करणारे आणि तुकारामबुवांच्या गाथेची चिकित्सक आवृत्ती विष्णु परशुराम शास्त्री पंडितांच्या बरोबरीनं काढणारे तेच हे पंडित. ती गाथा ‘इंदुप्रकाश’ छापखान्यातून दोन भागांत निघाली, १८६९ आणि १८७३ साली, आणि तिच्यासाठी मुंबई सरकारनं २४,००० रुपये दिले होते. त्या काळातले चोवीस हजार! वडील १८९४ साली गेले तेव्हा क्षमा जेमतेम तीन-चार वर्षांची होती. पुढे मुंबईतले नामांकित डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी तिचं लग्न झालं, आणि या बाईंनी संस्कृतात असं काम केलं की एका आयुष्यात ते बसतं कसं याचं नवल वाटतं. ज्ञानेश्वर, तुकाराम, रामदास यांची संस्कृत चरित्रकाव्यं. अनुष्टुभ छंदात कथा. वडिलांचं चरित्र, तेही पद्यात. आणि गांधीजींच्या सत्याग्रहावर अठरा अध्यायांची ‘सत्याग्रहगीता’. ती छापली गेली १९३२ साली, पॅरिसमध्ये. सत्याग्रह चालू असताना इंग्रज सरकारच्या नाकाखाली असलं पुस्तक इथे छापणार कोण?

या क्षमाबाई स्वतः मुंबईतल्या नावाजलेल्या टेनिसपटू होत्या. सकाळी अनुष्टुभ आणि संध्याकाळी बॅकहँड, असा दिनक्रम मी त्यांच्यावर लादणार नाही, पण दोन्ही एकाच घरात होतं हे खरं. १९३० च्या सुमाराला आपल्याकडे ‘मुलीच्या जातीला पळणं शोभत नाही’ हे वाक्य घरोघर ऐकू येत असताना लीलाला ते निदान आईच्या तोंडून ऐकावं लागलं नाही. सतरा कोटींतून तीच का निघाली, या प्रश्नाचं माझ्या मते एवढंच उत्तर आहे. आईनं आधी खेळून दाखवलं होतं. बाकीच्या घरांत जागा होती, बळ होतं, वर्षातून आठ महिने उघडीपही होती. असली आई नव्हती. असली आई असणं पुन्हा पैसा, शिक्षण, जिमखान्याचं सभासदत्व यांवर उभं होतं, हेही सांगून टाकलं पाहिजे. या घराचं कौतुक करताना मुंबईचा जिमखाना आणि धानाची बांधी यांच्यातलं अंतर पुसून टाकायचं कारण नाही.

विम्बल्डनच्या दुसऱ्या फेरीत लीलासमोर आली फ्रान्सची इदा आदामॉफ. रशियन वंशाची, फ्रान्ससाठी खेळणारी. सामना तिसऱ्या सेटपर्यंत गेला आणि लीला हरली. या इदाचंही आयुष्य पुढे साधं राहिलं नाही. क्लोद बूर्दे या पत्रकाराशी तिचं लग्न झालं. तो जर्मन ताब्याविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकार चळवळीतल्या पुढाऱ्यांपैकी एक झाला आणि बुखेनवाल्डच्या छळछावणीत जाऊन परत आला.

इथे क्षणभर लीलाला सोडून फ्रेंच बायकांच्या आकड्यांकडे वळू, कारण मोजपट्टी तिकडची आहे.

फ्रान्समध्ये तेव्हा सुझान लाँग्लेनची सावली अजून पडलेली होती. या बाईनं १९२५ चं विम्बल्डन जिंकताना अख्ख्या स्पर्धेत एकेरीचे मिळून पाच गेम गमावले होते. सेट नव्हे, गेम. एका सामन्याला सरासरी एक. तिच्यानंतर आली सिमोन मातिय. तिच्या नावावर ग्रँड स्लॅमची एकूण १३ विजेतेपदं आहेत: एकेरीची २, महिला दुहेरीची ९, मिश्र दुहेरीची २. पण मला या तेरापेक्षा दुसरा एक आकडा मोठा वाटतो. पॅरिसच्या स्पर्धेत एकेरीच्या अंतिम सामन्यात ती सहा वेळा हरली. १९२९, १९३२, १९३३, १९३५, १९३६, १९३७. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, आणि सहा वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात चषक. सातव्यांदा, १९३८ ला, जिंकली. त्याच वर्षी महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरीही. १९३९ ला पुन्हा एकेरी. नऊ वर्षं दार ठोठावून मग एका झटक्यात तिन्ही खोल्यांच्या किल्ल्या.

लीला जिंकली त्या १९३४ च्या विम्बल्डनमध्ये हीच मातिय उपांत्य फेरीपर्यंत गेली, आणि अमेरिकेच्या एलिझाबेथ रायनच्या जोडीनं तिनं दुहेरी जिंकली. रायनचं ते विम्बल्डनमधलं एकोणिसावं विजेतेपद, सगळी दुहेरीतली. एकोणीसचा हा विक्रम ४५ वर्षं टिकला. १९७९ साली बिली जीन किंग विसाव्या विजेतेपदासाठी अंतिम सामन्यात उतरणार, त्याच्या आदल्या दिवशी, ६ जुलैला, ८७ वर्षांची रायन विम्बल्डनच्या आवारातच कोसळली आणि गेली. दुसऱ्या दिवशी विक्रम मोडला. कादंबरीत कुणी असं लिहिलं तर संपादक म्हणेल, जरा जास्त होतंय.

आणि मग युद्ध. १९४० ते १९४५ सलग सहा वर्षं विम्बल्डन झालं नाही. ऑक्टोबर १९४० मध्ये सेंटर कोर्टवर बॉम्ब पडला आणि १,२०० प्रेक्षकांच्या जागा उडाल्या. आवारात भाजीपाला लावला, डुकरं पाळली. मातिय लंडनमध्ये जनरल द गॉलच्या स्वतंत्र फ्रेंच फौजेच्या महिला दलाची प्रमुख होती. पॅरिस मुक्त झाल्यावर सप्टेंबर १९४४ मध्ये तिथल्या रोलाँ गारो या टेनिस मैदानावर कोशे आणि पेत्रा या फ्रेंच खेळाडूंचा सामना झाला, तेव्हा पंचाच्या खुर्चीवर ती लष्करी गणवेशात बसली होती. रोलाँ गारोवर २०१९ मध्ये ५,००० प्रेक्षकांचं एक नवं कोर्ट उघडलं, काचेच्या वनस्पतिगृहांनी वेढलेलं. त्याला तिचं नाव आहे.

तिच्या मागोमागची नेली लाँद्री. जन्म बेल्जियमचा, लग्नानं फ्रेंच. १९३८ च्या अंतिम सामन्यात मातियनं तिला ६–०, ६–३ असं हरवलं. मग युद्ध झालं. १९४८ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ती पॅरिसची विजेती झाली, आणि निकाल बघा: ६–२, ०–६, ६–०. मधल्या सेटमध्ये एकही गेम नाही, शेवटच्या सेटमध्ये एकही दिला नाही. १९४९ मध्ये पुन्हा अंतिम सामना, या वेळी हार. तीन अंतिम सामने, पहिल्या आणि तिसऱ्यात अकरा वर्षं. विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या कुठल्याही टेनिस कारकिर्दीत हा खड्डा सापडतोच. हिटलरनं खेळाडूंच्या ऐन उमेदीची सहा वर्षं अशी पुसून टाकली, आणि ती परत कुणाच्या खात्यात जमा झाली नाहीत.

लीलाच्या खात्यातही नाहीत. युद्ध सुरू झालं तेव्हा ती २७ वर्षांची होती. इकडे हिंदुस्थानात मात्र ती खेळत राहिली. अखिल भारतीय स्पर्धेचं एकेरीचं विजेतेपद तिनं १९३१ ते १९४३ या काळात सात वेळा जिंकलं. पहिल्या आणि शेवटच्या विजेतेपदांत बारा वर्षांचं अंतर आहे. मुलींची लग्नं लहान वयात उरकणाऱ्या समाजात एकोणिसाव्या वर्षापासून एकतिसाव्या वर्षापर्यंत अव्वल राहणं, यातलं टेनिस किती आणि बंड किती, ते ज्यानं त्यानं ठरवावं. १९४३ मध्येच हरीश्वर दयाल या आयसीएस अधिकाऱ्याशी तिचं लग्न झालं. ते पुढे सिक्कीममध्ये राजकीय अधिकारी होते, मग नेपाळमध्ये राजदूत. १९६४ मध्ये एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू भागात भटकंती करताना त्यांचं निधन झालं. लीलाबाईंनी नृत्यावर पुस्तकं लिहिली, मणिपुरी नृत्याचा अभ्यास केला, आईच्या संस्कृत कथांची नाटकं केली. टेनिसपटू म्हणून त्यांना शोधायला निघालेला माणूस ग्रंथालयात नृत्य आणि संस्कृत या कपाटांपाशी येऊन थांबतो.

पैशाचा आकडा सांगितला नाही तर लेख अर्धवट राहील. लीलाला १९३४ च्या त्या विजयाचे मिळाले शून्य रुपये. सगळे हौशी खेळाडू, बक्षिसाची रक्कम नावालाही नाही. विम्बल्डनमध्ये पैसे सुरू झाले १९६८ ला: पुरुष विजेत्याला २,००० पौंड, महिला विजेतीला ७५०. दोघांना सारखे पैसे मिळायला २००७ उजाडावं लागलं. आणि २०२५ मध्ये दुसऱ्या फेरीत हरणाऱ्या खेळाडूला, म्हणजे लीला जिथे थांबली नेमक्या तिथे थांबणाऱ्याला, मिळाले ९९,००० पौंड. रुपयांत एक कोटीच्या वर. पाच डिसमिलच्या चौकोनात एक सामना जिंकून दुसरा हरण्याचे.

एक वेडा आकडा राहवत नाही म्हणून सांगतो. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या रिचमंडला विकी नेल्सन आणि जीन हेपनर यांचा सामना झाला, दोनच सेटचा, ६ तास ३१ मिनिटं. त्यातल्या एकाच गुणासाठी चेंडू ६४३ वेळा जाळ्यावरून गेला. तो एक गुण २९ मिनिटं चालला. प्रत्येक फटका कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धरला, तर चेंडूनं १५ किलोमीटरचा प्रवास केला. गोंदियाहून आमगावकडे निघाला असता तर अर्धी वाट मागे पडली असती. इतकं करून मिळाला किती? एक गुण.

आता या सगळ्यात लीला रावचा विजय ठेवून पाहा. मातियची तेरा विजेतेपदं, रायनची एकोणीस, लाँग्लेनचे पाच गेम, आणि इकडे विम्बल्डनमधला पहिल्या फेरीचा एक सामना. नुसती बेरीज केली तर हा आकडा कुणी वाचणारही नाही. आपल्याकडे वाचला गेलाही नाही. पण गुणवत्तेची मोजणी बेरजेनंच करायची असं कुणी सांगितलं? अंतरानंही करता येते. त्या विजयानंतर खुल्या युगात, म्हणजे १९६८ पासून पुढे, ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मुख्य फेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री होती निरुपमा वैद्यनाथन. साल १९९८, ऑस्ट्रेलियन स्पर्धा. १९३४ पासून मोजलं तर चौसष्ट वर्षं. सानिया मिर्झानं विम्बल्डनच्या एकेरीत पहिली फेरी जिंकली २००५ मध्ये, अकिको मोरिगामीला ६–३, ३–६, ८–६ असं हरवून. तोही तीन सेटचा सामना, तोही निकराचा. लीलाच्या ३६ गेमपासून ७१ वर्षं.

आणि हे फक्त आपलंच रडगाणं आहे असंही नाही. फ्रान्समध्ये घरोघर नाही तरी गावोगाव टेनिस आहे. तरीही लाँद्रीनंतर पॅरिसचं एकेरीचं विजेतेपद पुन्हा फ्रेंच बाईकडे यायला १९ वर्षं लागली (फ्रांस्वाज द्युर, १९६७), त्यानंतर ३३ (मेरी पियर्स, २०००), आणि पियर्सनंतर पाव शतक उलटलं तरी कुणी नाही. ज्या देशात क्लब, प्रशिक्षक, पैसा सगळं आहे तिथे ही गत. मग हिंदुस्थानातून १९३४ मध्ये, कोणत्याही संघटनेचं फारसं पाठबळ नसताना, एक मुलगी विम्बल्डनची फेरी जिंकते, याला मी तेरा विजेतेपदांच्या तोडीचं मानतो. कुणाला ही अतिशयोक्ती वाटेल. वाटू द्या.

मराठी मुली आज टेनिसमध्ये दिसतात. पुण्याच्या ऋतुजा भोसलेनं हांगझौच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाच्या जोडीनं मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणलं, ३० सप्टेंबर २०२३ ला. पण पुणे-मुंबई सोडून नकाशावर पूर्वेकडे सरकत गेलं की नावं विरळ होतात, आणि गोंदियाशी येईपर्यंत संपतात. इथे दर हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया आहेत. २०११ च्या जनगणनेचा आकडा आहे हा. महाराष्ट्रातल्या कितीतरी श्रीमंत जिल्ह्यांनी मान खाली घालावी असा. मुली जन्माला येतात, शाळेत येतात, कबड्डी-खोखो खेळतात. टेनिस त्यांच्यापुढे कुणी ठेवतच नाही, कारण तो ‘मोठ्यांचा’ खेळ आहे असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलंय.

तर जिल्ह्यातल्या शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि क्रीडाशिक्षकांना एक विनंती. मैदानाच्या एका कडेला सपाट जागा पाहून एकेरीचं कोर्ट आखून ठेवा. दोन आडव्या रेषा २७ फुटांच्या, दोन उभ्या ७८ च्या. मध्यावर जाळं, जमिनीपासून मधोमध तीन फूट उंच. जाळ्यापासून दोन्हीकडे २१ फुटांवर सर्व्हिसची रेषा, आणि त्या दोन रेषांना मधोमध जोडणारी ४२ फुटांची एक. एकूण चुन्याची रेघ ३०६ फूट. कोपरे काटकोनात आहेत का हे तपासायला एका कोपऱ्यापासून तिरप्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी लावा. ती ८२ फूट साडेसहा इंच भरली पाहिजे. आखणीला पाचवी-सहावीच्या मुलीच घ्या. दोरी त्यांनाच धरू द्या.